रिकामटेकड्यांची एसटी

रविवार, ९ नोव्हेंबर

लाल रंग संपला! ऐन शेवटचा हात मारायच्या दिवशी. आणि दुकानातला कुठलाही लाल चालत नाही. नुसता लाल मारला की एसटी लग्नाच्या बँडच्या गाडीसारखी दिसते. त्यात थोडा तपकिरी, नखभर काळा घालायचा, तेव्हा कुठे तो धूळ खाल्लेला लाल होतो. इतकी वर्षं करतेय, तरी पहिलं मिश्रण चुकतंच.

आमचं हे असं आहे. शेखरला गुरुवारची सुट्टी, मला रविवारची. नवरा-बायकोने एका दिवशी घरी राहायचं नाही, असं एमआयडीसीने ठरवूनच टाकलंय! म्हणून गुरुवारी तो पुठ्ठा कापतो, दुमडतो, चिकटवतो आणि गॅलरीतल्या टेबलावर नुसता सांगाडा ठेवून देतो. रविवारी मी रंगवते. खिडक्यांचे गज, आगाराचं नाव, नंबर. खिडकीखाली कुणीतरी पान खाऊन मारलेली पिचकारीसुद्धा! शेखर म्हणतो, "तुला सगळं सोडून पिचकारीच बरी जमते."

पाटी मात्र त्याने सांगायची. गाडी कुठल्या गावाची, ते. सांगाड्याच्या आत कागदाचा कपटा टाकून ठेवतो. खूश असला की 'वेरूळ'. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा एसटीने तिथे गेलो होतो. माझ्यावर चिडला की 'विनाथांबा'! बस्स, एवढंच, गावाचं नाव नाही. मीही कमी नाही. गाडीवर खरंच विनाथांबा लिहिते आणि ती फ्रिजवर उभी करते, येता-जाता दिसेल अशी.

आज कपटा नव्हता. संध्याकाळी तो आल्यावर विचारलं तर म्हणे, "टाक काहीतरी."

हल्ली गप्पच असतो. विचारलं की एकच उत्तर, "कंपनीत लोड आहे." गंमत म्हणजे सांगाडे मात्र भराभर होतात! पूर्वी महिन्याला एक व्हायचा, आता माझं रंगवून पुरं पडत नाही. जेवणाच्या सुट्टीत कापतो म्हणे. संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून डब्याबरोबर खिडक्या, दारं, बाकडी निघतात. घरात आम्ही दोघं बोलतो ते या टेबलावरच, म्हणून मी काही म्हणत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शेखरचा युनिफॉर्म भिजवला तर पाणी आजही स्वच्छ! पूर्वी दोन-दोन पाणी काळी निघायची. नवीन लाईनला लावलंय म्हणे, हात न मळणारं काम आहे. चला, माझा साबण वाचला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मास्तरांची मुलाखत आहे रविवारी! 'पुठ्ठा आगार' ग्रुपवर सकाळपासून नुसता दंगा. वर्षालीने तर फर्मान काढलंय — सर्व चालक-वाहकांनी सात वाजता आपापल्या मोबाईलसमोर हजर राहावे. ती ग्रुपची अॅडमिन, म्हणून आम्ही तिला आगारप्रमुख म्हणतो. नवीन मॉडेल झालं की फोटो टाकून लिहायचं, 'गाडी फलाटावर लागली'. आमच्यासारखे पुठ्ठ्याच्या एसट्या करणारे एवढे लोक आहेत हे मला मास्तरांमुळेच कळलं.

मास्तर म्हणजे रोहिदास कुदळे. आपल्या पिंपरीचा पोरगा. त्याने मालिकेत एसटीचा कंडक्टर केला आणि काय केला! कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात तसं याला सगळा महाराष्ट्रच मास्तर म्हणायला लागला. तिकिटाचे पैसे घेताना समोरच्याच्या डोळ्यात बघून हसायचा. आणि तो डायलॉग — "पुढं सरका हो, मागं माणसंच उभी आहेत!" शेखर घरात चालताना आप्पांना तेच म्हणायचा. आप्पा म्हणजे माझे सासरे. तेही हसायचे.

ऑगस्टमध्ये मास्तर चिंचवडच्या नाट्यगृहात आले होते तेव्हा आम्ही त्यांच्या मालिकेतली गाडी हुबेहूब करून नेली. हलणारे वायपर शेखरने सायकलच्या स्पोकमधून केले होते. मास्तरांनी गाडी हातात घेतली, म्हणाले, "अरे वा!" तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावला आहे. त्या आठवड्यात शेखर किती बोलायचा! तेवढंच. नंतर पुन्हा गप्प.

रविवारी त्याच्यासाठी भजी करणार आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

भजी तशीच पडली आहेत.

आधी लिहून काढते. नाही लिहिलं तर कुणावर तरी काहीतरी फेकून मारीन.

मुलाखत टीव्हीला जोडली होती. मी, शेखर, आप्पा. मुलाखत घेणारीने विचारलं, चाहत्यांनी दिलेली सगळ्यात विचित्र भेट कुठली? आणि मास्तर हसायलाच लागले. म्हणाले, "चिंचवडला एक जोडपं आलं होतं. नवरा-बायको, दोघं! हातात एवढी मोठी पुठ्ठ्याची एसटी. वायपरसकट! मी मनात म्हटलं, राव, तुम्हाला काही कामधंदा आहे का नाही? शाळेतल्या पोरांनी केलं तर कौतुक करू. पण चांगली घोडी झालेली माणसं? रिकामटेकडेपणालाही काही लिमिट असते ना!"

ती खिदळली. "मग गाडी कुठे आहे?"

"ड्रायव्हरच्या पोराला दिली. दोन दिवसांत चाकं गायब!"

मी आधी हसले. खरंच हसले! मास्तर हसले की आपण हसायचं, ही सवयच लागली होती. मग कळलं की ते जोडपं म्हणजे आम्ही.

आप्पांनी टीव्ही बंद केला. शेखर तसाच बसला होता, बंद टीव्हीकडे बघत. मग हळूच म्हणाला, "कामधंदा आहे का नाही." मास्तरांसारखं नाही, अगदी सरळ, कुणीतरी त्याला प्रश्न विचारल्यासारखं. आणि उठून म्हणाला, "मी डबा घासून ठेवतो."

डबा मी तो आल्याआल्याच घासला होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ग्रुपवर कालपासून शंभर तोंडं. वर्षाली म्हणते, ते गमतीत बोलले, मनाला लावून घेऊ नका. एकाने लिहिलं, 'मालिका बघणं बंद!' दुसरा म्हणाला, 'बरोबरच बोलले, माझी बायकोही हेच म्हणते.' आयुष कॉलेजातला पोरगा, त्याने स्वतःची नवी कोरी गाडी पायाखाली चिरडली आणि त्याचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, 'घ्या मास्तर, झालो कामाचा!' त्याच्या गाडीचे हेडलाईट मला फार आवडायचे.

आणि ऑफिसात स्नेहल! तळवड्याला आमच्या बिलिंगच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर — "अगं, ते जोडपं म्हणजे तुम्हीच ना? तू फोटो दाखवला होतास!" म्हटलं, "हो, आम्हीच. स्पोकचे वायपर, ऐकलंस ना?" हसले मी. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

वर्षानुवर्षं ज्यांच्या पोटात होतं त्यांना आता मास्तरांनी बोलायला तोंड दिलंय. माझी सख्खी बहीण पूनम फोनवर म्हणाली, "ताई, राग नको मानू, पण ते अगदीच खोटं नाही बोलले." गेली उडत!

गुरुवार, २० नोव्हेंबर

शेखरची सुट्टी. मी ऑफिसातून आले तर टेबल सकाळी होतं तसंच. आप्पा म्हणाले, दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सुक्या कचऱ्याच्या पिशवीत तीन सांगाडे सापडले! न रंगवलेले. एकाच्या तर खिडक्यांच्या काचाही बसवून झाल्या होत्या. गाडीवाल्याने शिट्टी मारली होती, मी पिशवी हातात घेऊन खाली जाणारच होते. काढले, फडक्याने पुसले आणि आमच्या पलंगाखाली ठेवले. बोलले नाही त्याला.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज बोलले. नको तेवढं बोलले.

संध्याकाळी मी रंगवायला बसले होते, तो येऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "कशाला करतेस अजून?"

"का? एका नटाने म्हटलं म्हणून बंद करू?"

"काय खोटं बोलला तो?"

म्हणजे बघा! ज्याच्यासाठी मी दुनियेशी भांडतेय तोच हे म्हणतो. मी ब्रश आपटला. "आपण रिकामटेकडे आहोत? सकाळी साडेसहाला कोण बाहेर पडतं? डबा कुणाचा भरते मी? तू कंपनीत मर मर मरतोस, मी त्या स्क्रीनसमोर डोळे फोडते, आठवड्यात एक दिवस मिळतो आणि त्यात..." मी बोलतच होते. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "आम्रपाली, बास."

मग गेला खाली. सिगारेट ओढत नाही, दारू पीत नाही, नुसता खाली जाऊन पार्किंगमध्ये उभा राहतो. गॅलरीतून दिसत होता. त्याच्या खांद्यांकडे बघून माझाच राग गेला, पण हाक मारली नाही. मला माझा नवरा परत हवा आहे, बाकी मास्तर आणि मालिका गेली खड्ड्यात.

शनिवार, २९ नोव्हेंबर

एकवीस डिसेंबरला आमच्या ग्रुपचं प्रदर्शन आहे. होतं! रोज कुणी ना कुणी नाव काढून घेतंय. कुणी म्हणतं पाहुणे येणार, कुणी म्हणतं गाडी ओली झाली. खरं कारण कुणी लिहीत नाही. चारचौघांत आपली गाडी घेऊन उभं राहायची लाज वाटायला लागलीय लोकांना. वर्षालीचा फोन आला होता. हॉल रद्द करू का विचारत होती. मोठी आगारप्रमुख, पण आवाज रडका झाला होता.

मंगळवार, २ डिसेंबर

आप्पांचा पारा अजून उतरला नाही. आमच्यापेक्षा तेच जास्त पेटलेत. त्यांना गाड्यांचं काही नाही. त्यांना तो शब्द झोंबलाय.

आज जेवताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे घड्याळ मला कंपनीनं दिलंय. सगळा जन्म कार्ड पंच केलं मी. साहेबराव ओव्हाळचं पोरगं रिकामटेकडं? कुणाला म्हणतो हा? सोताच्या बापाला विचार म्हणावं, पिंपरीत कंपनीत असणं म्हणजे काय असतं!"

शेखर ताटावरून उठला. भात तसाच.

आप्पा माझ्याकडे वळले. "पोरी, तू लिहिती ना चांगलं? लिही की मग. दाखव त्याला, माझा पोरगा काय करतो ते."

शनिवार, ६ डिसेंबर

आप्पा त्यांच्या जुन्या मित्रांबरोबर पहाटेच चैत्यभूमीला गेले. संध्याकाळी आम्ही दोघं पिंपरीत पुतळ्यापाशी गेलो. पांढरे कपडे, मेणबत्त्या, खूप गर्दी होती पण शांत. शेखरने माझा हात धरला होता. किती दिवसांनी!

परत येताना म्हणाला, "माणसाने खरं बोलून टाकलं पाहिजे ना गं?"

"कुणी? मास्तरने?"

तो थांबला. मग म्हणाला, "हं."

मी म्हटलं, "तू नको काळजी करू. त्यालाच खरं काय ते ऐकवते मी." तो काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात रिक्षा मिळाली.

रविवार, ७ डिसेंबर

लिहिलं! टाकलं! आता जे व्हायचं ते होऊ दे.

इथे पण उतरवून ठेवते.

'मास्तर, चिंचवडला आलेलं ते जोडपं आम्ही. तुम्ही विचारलंत कामधंदा आहे का. आहे! माझा नवरा चाकणला कंपनीत आहे. सकाळी साडेसहाला काळेवाडी फाट्यावर कंपनीच्या बसला उभा राहतो, तुम्ही झोपेत असता तेव्हा. तुम्ही ज्या गाडीतून फिरता तिचे पार्ट त्याच्यासारख्यांच्या हातातून गेलेले असतात. जेवणाच्या सुट्टीत लोक पाय पसरतात तेव्हा तो पुठ्ठ्याच्या खिडक्या कापतो, कारण त्याच्या हाताला गप्प बसवत नाही. तुम्ही कंडक्टरचं सोंग केलंत, आम्हाला ते खरं वाटलं, एवढाच आमचा गुन्हा. माझा नवरा रिकामटेकडा नाही.'

खाली शेखरचा फोटो. युनिफॉर्ममधला, गळ्यात कंपनीचं कार्ड. मागच्या वर्षीचा आहे पण काय रुबाबदार दिसतो!

त्याला अजून सांगितलं नाही. कुणाकडून तरी कळू दे, मग बघू चेहरा.

सोमवार, ८ डिसेंबर

अरे बापरे. सकाळी उठले तर फोन थांबेचना. कुणीकुणी शेअर केलंय! कुठलीशी मोठी पानं, कामगार संघटनावाले, एसटीतले खरेखुरे कंडक्टर! एका कंडक्टरने लिहिलं, 'ताई, आमच्या डोळ्यांत पाणी आणलं.' ऑफिसात स्नेहलने सगळ्यांसमोर मिठी मारली. बदलतं बघा वारं!

अकराच्या सुमारास शेखरचा फोन. वाटलं, आता म्हणेल काहीतरी. म्हणाला, "ती पोस्ट काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना. आत्ता."

मागे कुणी बाई माईकवर काहीतरी सांगत होती, त्यात मला नीट ऐकूही येईना. कंपनीत आज कसलातरी कार्यक्रम असावा. म्हटलं, संध्याकाळी बोलू, आणि ठेवला.

बुधवार, १० डिसेंबर

दोन दिवस भांडण. लग्न झाल्यापासून तो माझ्यावर असा ओरडला नव्हता.

"मला न विचारता माझा फोटो का टाकलास?"

"तुझी बाजू घेतली मी!"

"मी सांगितलं होतं घ्यायला?"

मी नाही काढणार. का काढू? आप्पा माझ्या बाजूने आहेत. रोज चहाबरोबर चष्मा लावून एकेक कॉमेंट मोठ्याने वाचतात, वर स्वतःचं 'वा वा' जोडतात. आणि ग्रुप तर पुन्हा चालू पडला! आयुषने चिरडलेली गाडी सरळ करायला घेतलीय. प्रदर्शनाला नावं वाढताहेत, वर्षालीने हॉल कायम केला. आम्हा सगळ्यांची मान वर झाली ती या एका फोटोमुळे. त्यालाच तेवढं दिसत नाही! लोकांनी चांगलं म्हटलेलं सहन होत नाही अशीही माणसं असतात का? भित्रा आहे, दुसरं काय.

लिहिलं खरं, पण भित्रा हा शब्द त्याच्यासाठी बरोबर नाही. मग काय आहे ते मला कळत नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

मास्तरांनी माफी मागितली! व्हिडिओ टाकलाय. दाढी वाढलेली, चेहरा पडलेला. "माझ्या तोंडून चुकीचं गेलं. शेखरभाऊंसारख्या कष्टकऱ्यांमुळे आपलं हे शहर उभं आहे. मी येत्या गुरुवारी त्यांच्या कंपनीच्या गेटवर जाऊन, त्यांच्या सहकाऱ्यांसमोर त्यांचे पाय धरणार."

खाली शेकडो लोकांनी लिहिलं, 'मास्तर, गुरुवारी कंपन्या बंद असतात!' पिंपरीचा असून गुरुवार विसरला, आणि आम्हाला विचारतो कामधंदा आहे का! मग त्याच्या माणसाने बुधवार केला. बुधवार, १७.

आप्पा नवीन शर्ट काढून बसलेत. त्यांनाही गेटवर यायचंय.

शेखरला दाखवला व्हिडिओ. त्याने शेवटपर्यंत बघितला. मग बाथरूममध्ये गेला. नळाचा आवाज येत राहिला. मी दारावर थाप मारली तर म्हणाला, "आलो, आलो. आंघोळ करतोय." कपडे बाहेरच होते त्याचे.

रविवार, १४ डिसेंबर

आज संध्याकाळी आल्यावर तो टेबलापाशी येऊन बसला! आपण होऊन. पलंगाखालचा एक सांगाडा मी काढला होता, तो त्याने ओळखला पण काही म्हणाला नाही. नुसता बघत होता मी रंगवताना. मी म्हटलं, "बघतोस काय, पिवळा पट्टा धर सरळ." धरला. बोटं गार पडली होती त्याची.

मी चहा टाकायला गेले. आले तर तो उठून गेला होता, आणि गाडीत कपटा! केवढा आनंद झाला. उघडला तर लिहिलं होतं, 'वल्लभनगर'.

हे काय? वल्लभनगर म्हणजे आपलंच पिंपरीचं एसटी स्टँड. तिथून गाड्या सुटतात. तिथे जायची पाटी आपण कशाला लावू, ते काय फिरायला जायचं गाव आहे? आत जाऊन हसत म्हटलं, "अरे, चुकलास का? पुढचं गाव लिही."

म्हणाला, "तेच लिही."

"नक्की?"

"हो. तेच आहे."

लिहिलं. बारीक ब्रशने, पांढऱ्यात. अक्षर छान आलंय. फ्रिजवर ठेवली आहे.

सोमवार, १५ डिसेंबर

मास्तरांच्या माणसाचा फोन आला होता. कंपनीचा पत्ता आणि शेखरच्या साहेबांचा नंबर हवाय. शेखरला विचारलं तर म्हणाला, उद्या देतो.

मंगळवार, १६ डिसेंबर

सकाळी आप्पा नेहमीसारखे मोठ्याने वाचत होते. शेखर दारात बूट घालत होता. मी डबा भरत होते.

"हा चिमाजी कोण रे, तुमच्याच लाईनचा दिसतोय. म्हणतो — लई भारी लिहिलं वहिनी. पण शेखरभावाला परत कधी घेतलं कंपनीत? जूनमध्ये तर आमा सगळ्यांना हिशेबाचे पैसे देऊन एकदमच कमी केलं होतं. त्याला म्हणावं माझं बी बघ, मी अजून घरीच हाय..."

आप्पांनी चष्मा काढला. पुढची वाचली नाही.

शेखरने एकच बूट घातला होता. दुसरा हातात होता. फ्रिजवर ती गाडी उभी होती, माझ्याच हाताने पाटी लिहिलेली.

मी डब्याचं झाकण लावलं. मग माझाही डबा भरला. दोन्ही एका पिशवीत टाकले, चप्पल घातली आणि त्याला म्हटलं, "चल. कुठल्या फलाटावर बसतोस ते दाखव."